दंड कशाचा, भुर्दंड कुणाला?

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. रक्षाबंधनाच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, म्हणजे तीन हजार रुपये, राज्यातील महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले. बँकांसमोर रांगा लागल्या. त्या रांगांमधल्या काही बायकांना खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले की आपले तीन हजार पुरे तीन हजार उरलेले नाहीत. खात्यात किमान शिल्लक नव्हती. तिचा दंड साठत गेला होता आणि पैसे पडताच बँकेच्या संगणकाने तो आधी वळता करून घेतला होता. ओरड झाली. या रकमेतून काहीही कापू नका, असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले.

ती योजना चांगली की वाईट, हा वाद इथे नको. त्या खिडकीवर जे घडले, ते योजनेपुरते नव्हते. ते वर्षानुवर्षे घडत आले आहे आणि बहुतेक वेळा ओरड न होता घडते. महिनाअखेरीला पासबुक भरून आणावे, तर दोन ओळींच्या मध्ये इंग्रजी आद्याक्षरांची एक गूढ नोंद आणि तिच्यापुढे काही रुपये काही पैसे. पैसे असतात ते बहुधा अठरा टक्के जीएसटीमुळे. नवरा-बायको एकमेकांना विचारतात, हे कशाचे? दोघांनाही ठाऊक नसते. रक्कम असते साठ-सत्तर रुपयांची. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढून कोण शाखेत जाणार? पान उलटले जाते.

आपण पान उलटतो, म्हणूनच हे चालते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्याला बचतीसाठी शिकवली गेली. बँकांनी ती आपल्याकडूनच शिकून उत्तम रीतीने अमलात आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये, डॉ. भागवत कराड अर्थ राज्यमंत्री असताना, राज्यसभेत जी माहिती दिली गेली ती पाहा. सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक नसल्याबद्दल २१,०४४ कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांबद्दल ८,२८९ कोटी आणि एसएमएसपोटी ६,२५४ कोटी रुपये खातेदारांकडून वसूल केले होते. बेरीज पस्तीस हजार कोटींच्या वर जाते. हे व्याज नव्हे, कर्जाचा हप्ता नव्हे. साठ-सत्तर रुपयांच्या त्या गूढ ओळींचे हे तळे.

हे तळे साचू लागले कधी? सप्टेंबर १९९९ पर्यंत कोणत्या सेवेला किती आकार घ्यायचा, हे इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना ठरवीत असे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ही मुभा एकेका बँकेला दिली. उदारीकरणाचे वारे होते आणि स्पर्धेने दर आपोआप खाली येतील असा विश्वास होता. अनुभव निराळा आला. तक्रारी इतक्या वाढल्या की २००६ मध्ये आकारणी वाजवी कशी राखावी यासाठी रिझर्व्ह बँकेला एक कार्यगट नेमावा लागला. त्याचे प्रमुख होते एन. सदाशिवन, महाराष्ट्र आणि गोव्याचे तेव्हाचे बँकिंग लोकपाल. म्हणजे या भागातल्या खातेदारांची गाऱ्हाणी ज्यांच्या टेबलावर रोज येत होती, त्यांच्याच हाती हे काम आले.

आता बँकांची बाजूही ऐकली पाहिजे. खाते चालवायला खर्च येतो. शाखेचे भाडे, माणसांचे पगार, एटीएममध्ये नोटा भरणे, संगणकाची देखभाल, काहीच फुकट होत नाही. खात्यात काही पैसे पडून राहिले, तर ते कर्जाऊ देऊन बँक हा खर्च भरून काढते. शिल्लकच नसेल तर खर्च कुठून काढायचा? प्रश्न रास्त आहे. पण खर्च भरून काढणे वेगळे आणि दंड हीच कमाई करणे वेगळे. ही सीमा ओलांडली गेल्याचे २०१७ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. स्टेट बँकेने काही वर्षे बंद ठेवलेला किमान शिल्लकेचा दंड त्या वर्षीच्या एप्रिलपासून पुन्हा सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये जमा झाले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेचा निव्वळ नफा होता सुमारे १,५८० कोटी. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेला एका तिमाहीत सारा कारभार करून जे उरले, त्याहून अधिक रक्कम आठ महिन्यांत खात्यात पैसे नसलेल्यांकडून मिळाली.

पैसे नसलेल्यांकडून, हे शब्द महत्त्वाचे आहेत. हा दंड भरतो कोण? ज्याच्या खात्यात लाखभर रुपये पडून आहेत, त्याला तो माहीतही नसतो. पगाराचे खाते असलेल्याला किमान शिल्लकेची अट सहसा नसते. मात्र नोकरी सुटली आणि काही महिने पगार जमा झाला नाही, की तेच खाते साधे बचत खाते बनते आणि अट लागू होते. म्हणजे पगार थांबतो तेव्हाच दंड सुरू होतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. शिक्षणासाठी गाव सोडलेला मुलगा, घरकाम करणारी बाई, हंगामापुरते पैसे हाताळणारा शेतकरी, फक्त निवृत्तिवेतनावर जगणारी आजी, महिन्याच्या पंचविशीत ज्यांचा हात रिकामा होतो ते सगळे या दंडाचे गिऱ्हाईक.

कायद्याला हे मान्य आहे का? आपल्याकडचा कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या ७४ व्या कलमाचा आशय असा की, करार मोडल्याबद्दल त्यात एखादी रक्कम लिहून ठेवली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पक्के केले. दुसऱ्याचे जेवढे नुकसान झाले तेवढे भरून द्यावे, त्याला धडा शिकवण्यासाठी किंवा त्यातून कमावण्यासाठी दंड नसतो. साध्या माणसाच्या न्यायबुद्धीलाही हे पटते. मग प्रत्येक दंड या कलमाच्या जोरावर परत का मिळू नये?

या वाटेने एक देश पुरता चालून गेला आहे. त्याची हकिकत आपल्याला फार उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये खात्यातल्या रकमेपेक्षा जास्त पैसे गेले किंवा धनादेश परतला, की बँका एकेका वेळेला तीस-पस्तीस पौंड घेत. एप्रिल २००६ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी यंत्रणेने क्रेडिट कार्डांच्या बाबतीत जाहीर केले की बारा पौंडांपेक्षा जास्त दंड अवाजवी समजला जाईल. मग बँक खात्यांचे काय, असे लोक विचारू लागले. वर्तमानपत्रांनी पत्रांचे नमुने छापले. हजारो सामान्य माणसांनी मागच्या वर्षांचे खातेउतारे काढले, बेरजा केल्या आणि बँकांना पत्रे पाठवली. न्यायालयात उभे राहून आपला खरा खर्च सांगण्यापेक्षा बँकांनी पुष्कळांचे पैसे मुकाट्याने परत केले.

अखेर २००७ मध्ये एकच कसोटीचा खटला लढवायचे ठरले आणि बाकीच्या तक्रारी थांबवण्यात आल्या. उच्च न्यायालयात ग्राहकांची बाजू वरचढ ठरली, अपील न्यायालयातही ठरली. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते: हे आकार म्हणजे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि सेवेच्या मानाने किंमत योग्य आहे की नाही, हे या नियमांखाली आम्हाला तपासता येत नाही. एका शब्दाचा हा खेळ. दंड म्हटले तर तो वाजवी असावा लागतो, किंमत म्हटले की ती दुकानदाराची मर्जी. ज्यांनी आधी पत्रे लिहिली त्यांचे पैसे आले, थांबलेल्यांचे राहिले. तरी गोष्ट तिथे संपली नाही. लोकांचा रेटा चालू राहिला आणि एप्रिल २०२० पासून तिथल्या वित्तीय नियामकाने हे ठोक आकार बंद करून त्या जागी साधे व्याज लावायला सांगितले. न्यायालयात हरलेली बाजू नियमात जिंकली.

यातून आपण घ्यायचा धडा एकच, पण मोलाचा. ‘तुमचा दंड फार आहे’ असे म्हणून एकट्या खातेदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. आपल्याकडचे लोकपालही बँकेच्या व्यावसायिक निर्णयात हात घालत नाहीत. पण ‘तुमचा दंड नियमाबाहेर आहे’ असे दाखवून दिले, तर बँकेला पळवाट उरत नाही. आणि नियम आपल्या बाजूचे आहेत, आपल्याला वाटते त्याहून बरेच जास्त.

किमान शिल्लकेचेच घेऊ. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये नियम केले आणि ते एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी झाली, तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि ती भरून काढण्यासाठी निदान महिनाभराची मुदत द्यायची. दंड लावायचा तो कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात. शंभर रुपये कमी असलेल्याला आणि तीन हजार कमी असलेल्याला एकाच काठीने हाकायचे नाही. दंड वाजवी असावा, सेवेच्या सरासरी खर्चाशी त्याचा मेळ असावा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे निव्वळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. निष्क्रिय झालेल्या खात्यावर तर किमान शिल्लकेचा दंड लावायचाच नाही. त्या रांगेतल्या बायकांचा प्रश्न इथेच येतो. खाते उणे करायचे नाही, पण दंडाची थकबाकी बाजूला लिहून ठेवायची आणि पुढे कधी पैसे आले की झडप घालायची, हे नियमाच्या हेतूला धरून आहे का? ज्यांचे पैसे असे गेले, त्यांनी निदान एवढे तरी विचारावे: मला महिनाभर आधी कळवल्याची नोंद दाखवा, आणि त्या काळात माझे खाते चालू होते की निष्क्रिय, ते सांगा.

कर्जाच्या बाबतीत ऑगस्ट २०२३ मध्ये नियम आला. हप्ता चुकल्यावर दंडाचे व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज धरण्याची वहिवाट त्याने बंद केली. नव्या कर्जांना तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता दंड आकार म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर व्याज चढत नाही. कर्ज फिटल्यावर घराची कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यायची, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये कर्जदाराला द्यायचे, असाही नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँकेने न मागता द्यायचे, असे २०१९ मध्ये ठरले. न मागितलेले क्रेडिट कार्ड माथी मारून त्याचा आकार लावला, तर तो रद्द करून वर दुप्पट रक्कम भरून देण्याची तरतूद आहे. एसएमएसचा आकारही ठोक नव्हे, प्रत्यक्ष वापराइतका घ्यावा, असे २०१३ मध्येच सांगितले गेले. म्हणजे दंड भरायची वेळ बँकेवरही येऊ शकते. फरक इतकाच की आपला दंड संगणक वसूल करतो, बँकेचा आपल्याला मागावा लागतो.

मागितल्याने काय होते, याचे मुंबईतलेच एक उदाहरण आहे. पवईच्या आयआयटीमधले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी बँकांच्या आकारणीचा चिकाटीने अभ्यास केला. त्यातून पुढे आले की स्टेट बँकेत जनधन योजनेची खाती असलेल्या गरिबांकडून, महिन्यातले चार व्यवहार झाल्यावर पुढच्या प्रत्येक डिजिटल व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेतले जात होते. पंधरा रुपये आकार आणि त्यावर जीएसटी. पन्नास रुपयांची भाजी फोनवरून पैसे देऊन घेतली, तरी सतरा रुपये सत्तर पैसे. त्यांच्या अभ्यासानुसार एप्रिल २०१७ पासून सुमारे साडेतीन वर्षांत अशा निदान १४ कोटी व्यवहारांवर २५४ कोटी रुपये जमा झाले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितले की १ जानेवारी २०२० नंतर अशा व्यवहारांवर घेतलेले आकार परत करा. त्याप्रमाणे सुमारे ९० कोटी परत गेले. त्याआधीचे १६४ कोटी तसेच राहिल्याचे त्यांच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. त्या काळात असे आकार घेण्यास नियमांची मुभा होती, असे बँकेचे म्हणणे होते. इथेही तीच गोष्ट दिसते. नियमाची तारीख जिथून सुरू झाली, तिथून पैसे आले. तिच्या अलीकडे न्याय कितीही उघड असला, तरी हात रिकामे.

तेव्हा करायचे काय? पहिले काम म्हणजे पासबुक वाचणे. वर्षभराचा उतारा काढून आकाराच्या सगळ्या नोंदींवर लाल पेन्सिलने खूण करावी आणि बेरीज करावी. साठ रुपयांसाठी जो जागचा हलत नाही, तो वर्षाचे बाराशे दिसले की हलतो. मग शाखा व्यवस्थापकाच्या नावे एक साधे पत्र लिहावे. भाषा मराठी चालेल, रागाची नको. खाते क्रमांक, प्रत्येक आकाराची तारीख आणि रक्कम द्यावी. हा आकार कोणत्या नियमाने लावला, आधी सूचना कधी व कशी दिली, हे लेखी विचारावे. नियमात बसत नसलेली रक्कम परत जमा करावी, अशी मागणी करावी. पत्राची प्रत ठेवून तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्यावी. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही, आणि खिडकीवरच्या कारकुनाशी भांडून तर काहीच साधत नाही. दर त्याने ठरवलेले नसतात.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. ही व्यवस्था आपल्याकडे १९९५ पासून आहे. २०२१ मध्ये बँका, वित्तसंस्था आणि डिजिटल देवघेवी यांच्या निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या. तिथे फी नाही, वकील लागत नाही. संगणकावरून तक्रार करता येते, टपालाने अर्ज चालतो, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण आधी बँकेला लिहिलेले नसेल, तर तक्रार दारातूनच परत येते. म्हणून ते शिक्क्याचे पत्र महत्त्वाचे. फार उशीरही करू नये. ग्राहक आयोगाचा दुसरा मार्ग आहे. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि लहान रकमांच्या दाव्यांना फी पडत नाही. मात्र एकच तक्रार दोन्हीकडे लावता येत नाही.

आणि ज्यांच्या खात्यात शिल्लक राहणारच नाही हे ठाऊक आहे, त्यांनी परत मागण्याची वेळच येऊ देऊ नये. मूलभूत बचत खाते ही सोय २०१२ पासून प्रत्येक बँकेत आहे. त्याला किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड मिळते, आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे विनामूल्य काढता येतात. जनधन खाते याच प्रकारचे. घरात काम करणाऱ्या बाईला, गावाकडच्या काकांना, वसतिगृहात राहणाऱ्या भाच्याला हे सांगण्याइतका वेळ आपल्याकडे असावा. बँक स्वतःहून क्वचितच सांगते.

दर अवाजवी आहेत, हा मोठा प्रश्न एकेकट्याच्या पत्राने सुटत नाही. पण पत्रे साठली, वर्तमानपत्रांत आकडे आले, संसदेत प्रश्न विचारले गेले, की तोही हलतो. २०१७ च्या गदारोळानंतर स्टेट बँकेने एप्रिल २०१८ मध्ये शहरांतला महिन्याचा दंड कमाल पन्नास रुपयांवरून पंधरावर आणला आणि मार्च २०२० मध्ये किमान शिल्लकेची अटच काढून टाकली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी तोच रस्ता धरला. याउलट त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक दहा हजारांवरून पन्नास हजारांवर नेली आणि गहजब होताच काही दिवसांत ती पंधरा हजारांवर आणली. बँकांच्या खर्चाचा हिशेब चार दिवसांत बदलला नव्हता. बदलले होते ते इतकेच की लोक बोलू लागले होते.

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नसे, म्हणून ते अंगठा उमटवीत आणि निघून जात. आपल्याला वाचता येते. आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. कपाटातून पासबुके काढा, मुलांना बेरीज करायला बसवा. उद्या सोमवारी बँक उघडते.